रॅफल्स प्लेसमधला डबा

माझी नात सिंगापूरला नोकरी करते. रॅफल्स प्लेस नावाच्या चौकातल्या एका उंच इमारतीत तिची कचेरी आहे. गेल्या वर्षी पुरीम झाल्यावर आठवड्याभरात तिचा फोन आला. "सावता, आमच्या कचेऱ्यांनी मिळून ट्रायथलॉन ठेवली आहे. मी भाग घेतेय. दर किलोमीटरला तू किती देशील?"

मी विचारले, "कोणाला?"

"ज्या मुलांना चालता येत नाही त्यांच्या उपचाराच्या साधनांसाठी. आम्ही पोहायचं, सायकल चालवायची, धावायचं आणि ओळखीच्यांनी पैसे द्यायचे."

"मुलांना द्यायचे तर मी सरळ मुलांना देते. त्यासाठी तू समुद्रात उडी कशाला मारायची?"

ती हसली आणि म्हणाली, "तू पेसाहनंतर येणारच आहेस. ये आणि बघ."

फोन ठेवला, पण प्रश्न माझ्यापाशीच राहिला. लोदच्या शाळेत मी छत्तीस वर्षे शिकवले. मुलांच्या प्रश्नाला उत्तर नसले की पुस्तक उघडायचे, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. पुस्तकांतून जे हाती लागले आणि नंतर सिंगापूरला जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवते. आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे आता असे फोन करतात आणि आपण पैसे देतो, पण मनात कुठेतरी टोचत राहते, म्हणून हा विषय घेतला.

आधी हा खेळ काय आहे ते सांगते. ट्रायथलॉन म्हणजे एकामागून एक तीन शर्यती. आधी पोहायचे, मग सायकल, शेवटी धावायचे. मध्ये विश्रांती नाही. ओले अंग पुसून बूट चढवायला लागणारा वेळही घड्याळात धरतात. हा खेळ माझ्या नोकरीहून एका वर्षाने लहान आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात मिशन बे येथे ४६ जणांनी या नावाची पहिली शर्यत केली. पुढे हवाईमध्ये वाद निघाला की, पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत जास्त दमाचा कोण? नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी तिथल्या तीन निरनिराळ्या शर्यती एकाच दिवसात जोडून टाकल्या. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.१९५ किलोमीटर धावणे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ जण पोहोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलर यांना सुमारे पावणेबारा तास लागले. त्याला आयर्नमॅन, म्हणजे लोहपुरुष, असे नाव पडले.

२००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला, तेव्हा अंतरे कमी केली होती: १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. अपंग खेळाडूंच्या पॅरालिम्पिकमध्ये तो २०१६ साली रिओ येथे आला. आपल्या मराठी माणसांनीही तो उचलला आहे. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशी गाठताना, झुरिकची लोहपुरुष शर्यत पूर्ण केली. २०१९ मध्ये गोव्यात पणजीला त्याच नावाची निम्म्या अंतराची शर्यत सुरू झाली. माझ्या नातीची शर्यत याहून पुष्कळ लहान होती: ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर.

या तीन गोष्टींपैकी दोन तर आपल्या घरच्याच आहेत. तालमूदच्या किद्दुशीन भागात बापाने मुलासाठी काय काय करावे याची यादी आहे. सुंता करावी, तोरा शिकवावी, लग्न लावून द्यावे, हाताला कसब द्यावे. त्यात काही गुरू आणखी एक कर्तव्य घालतात: त्याला पोहायला शिकवावे. कारण साधे आहे, त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. बेने इस्राएलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा. ते किनाऱ्याला लागले नसते तर हे मासिक निघाले नसते.

धावण्याचे म्हणाल तर आपला एलियाहू हन्नाबीच घ्या. कर्मेल पर्वतावर पाऊस आल्यावर अहाब राजा रथातून निघाला आणि एलियाहू कंबर कसून त्या रथापुढे इज्रेलपर्यंत पायी धावत गेला, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. आपण मलिद्याच्या वेळी त्याचे स्मरण करतो ते अग्निरथातून वर गेलेला म्हणून. तो पायांनीही पक्का होता, हे मात्र विसरतो. सायकलचा उल्लेख अर्थातच आपल्या ग्रंथांत नाही.

आता अंगमेहनतीतून दानधर्म गोळा करण्याची गोष्ट. ही पद्धत परदेशातून आली असे मी समजत होते, पण आपल्याकडे तिची मुळे जुनी आहेत. माझ्या वयाच्या वाचकांनी लहानपणी गाडगेबाबांचे नाव ऐकलेच असेल. हातात खराटा घेऊन ते गावात शिरत आणि दिवसभर गाव झाडत. रात्री कीर्तन करून लोकांकडून पैसे मागत. त्या पैशांतून पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे आजही उतरतात. आधी स्वतः घाम गाळायचा आणि मगच दुसऱ्यापुढे हात पसरायचा, हा त्यांचा क्रम होता.

दुसरे विनोबा भावे. ते मूळचे आपल्या कुलाब्याचे, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांना पहिली जमीन दान मिळाली आणि त्यानंतर ते तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. दारात चालत आलेल्या म्हाताऱ्याला नाही म्हणणे जड जाते, हे त्यांना ठाऊक होते.

परदेशात याचा मोठा नमुना म्हणजे कॅनडाचा टेरी फॉक्स. कर्करोगाने एक पाय गेलेला हा तरुण १९८० मध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायला देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, असे १४३ दिवस तो धावला. ५,३७३ किलोमीटर झाल्यावर आजार फुप्फुसात पोहोचला आणि त्याला थांबावे लागले. पुढल्या वर्षी तो वारला. त्याच्या नावाने आजही अनेक देशांत लोक धावतात.

माझ्या मनाला सर्वांत जास्त भिडली ती अमेरिकेतील हॉइट बापलेकांची हकीकत. रिक जन्मतःच हातापायांनी पांगळा होता आणि त्याला बोलताही येत नव्हते. १९७७ मध्ये अपघाताने लुळ्या झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची शर्यत होती. रिकने संगणकावर शब्द जुळवून बापाला सांगितले की, मला त्यात भाग घ्यायचा आहे. बाप डिक त्याची चाकांची खुर्ची ढकलत धावला. घरी आल्यावर रिकने कळवले की, आपण धावत होतो तेव्हा मला मी पांगळा आहे असे वाटलेच नाही. त्यानंतर बाप थांबला नाही. ट्रायथलॉनसाठी चाळिशी उलटल्यावर तो पोहायला शिकला. मुलाला छोट्या नावेत ठेवून, दोर कमरेला बांधून तो पोहत असे. १९८९ मध्ये दोघांनी हवाईची लोहपुरुष शर्यत पूर्ण केली. डिक २०२१ मध्ये आणि रिक २०२३ मध्ये वारला.

हे सगळे वाचूनही माझी शंका फिटली नव्हती. आपल्या रंबमने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत वरची म्हणजे गरजवंताला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन त्याच्या पायावर उभे करणे. तिच्या खालची म्हणजे देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. यरुशलेमच्या मंदिरात एक गुप्त दालन होते. तिथे लोक गुपचूप पैसे ठेवत आणि चांगल्या घरातले गरीब गुपचूप नेत. काही गुरू तर नाणी फडक्यात बांधून पाठीवर टाकत आणि पुढे चालत राहत, म्हणजे मागून येणारा गरीब लाज न वाटता ती काढून घेई. मग छातीवर क्रमांक लावून, फोटो काढून, पाठीमागे वाद्ये वाजवून केलेले दान कुठल्या पायरीवर बसवायचे?

अर्थात आपलाही इतिहास फार गुप्त दानाचा नाही. आपल्या प्रार्थनालयांतल्या संगमरवरी पाट्या आठवा. कोणी किती रुपये दिले ते आकड्यांसह कोरलेले असते. मी स्वतः माझगावच्या ज्या शाळेत शिकले ती हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये सुरू केली. पुढे मोठी देणगी मिळाल्यावर तिला सर एली कदूरी यांचे नाव दिले गेले. नाव देणाऱ्याचे लागले म्हणून मला अक्षरे कमी आली नाहीत. तेव्हा नावाचा मोह वाईट एवढेच म्हणून भागत नाही. टोचत होते ते दुसरेच काही तरी, आणि ते काय हे मला रॅफल्स प्लेसमध्ये उभी राहिल्यावर कळले.

त्या जागेविषयी थोडे. सर स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी १८१९ मध्ये सिंगापूरला ब्रिटिश ठाणे उभारले. नदीचा दक्षिण काठ तेव्हा दलदलीचा होता. १८२२ मध्ये त्यांनी जवळची टेकडी फोडून तिच्या मातीने दलदल भरण्याचा हुकूम दिला. त्या भरावावर कमर्शियल स्क्वेअर नावाचा व्यापारी चौक वसला आणि १८५८ मध्ये त्याला रॅफल्स प्लेस हे नाव मिळाले. सुरुवातीला एका बाजूच्या वखारींचे मागचे दार थेट समुद्रावर उघडे आणि माल पडावांतून आत येई. १८६४ मध्ये पुढे कॉलियर की हा धक्का बांधला आणि समुद्र मागे हटला. त्या काळी शहर बांधायला हिंदुस्थानातून पाठवलेले कैदी राबत होते. पुढे इथे बँका आल्या आणि मोठी दुकाने आली. रॉबिन्सन्सचे प्रसिद्ध दुकान २१ नोव्हेंबर १९७२ रोजी जळाले, त्यात नऊ जण गेले. आता चौकाच्या पोटात १९८७ पासून भुयारी रेल्वेचे स्टेशन आहे आणि वर मान दुखेपर्यंत बघावे अशा इमारती.

नातीने मला तिथून चार मिनिटांवरच्या एका गल्लीत नेले आणि पाटी वाचायला सांगितली: सिनेगॉग स्ट्रीट. सिंगापूरच्या यहुद्यांचे पहिले प्रार्थनालय १८४० च्या दशकात या गल्लीतल्या एका दुकानवजा घरात होते. समाज वाढल्यावर १८७८ मध्ये वॉटर्लू स्ट्रीटवर मागेन आवोथ उभे राहिले. १९०५ मध्ये सर मनासे मेयर यांनी आपल्या वाड्याच्या आवारात दुसरे बांधले, त्याचे नाव हेसेद एल, म्हणजे देवाची करुणा. हे सगळे बगदादी व्यापारी. त्यांचे आणि आपले संबंध नेहमी गोड नव्हते. मुंबईत आणि रंगूनला त्यांतल्या काहींनी आपल्याला बरोबरीचे मानले नाही, हे आपण विसरलेलो नाही. पण हेही खरे की, एली कदूरी हे बगदादहून मुंबईमार्गे हाँगकाँगला गेलेले बगदादीच. पूर्वेकडच्या अशाच बंदरांत मिळवलेल्या पैशांतून माझगावच्या शाळेला हातभार लागला आणि तेलवाल्या, सुतार, कारकुनांच्या पोरी तिथे मराठी शिकल्या. त्यांतली मी एक.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात चौकातल्या हिरवळीच्या कडेला नातीच्या चमूने टेबल मांडले होते. सिंगापूरला अशी वर्गणी परवानगीशिवाय गोळा करता येत नाही. डबा मोहोरबंद असतो, पैसे टाकणाऱ्याच्या कपड्यावर चिकटवायला छोटा कागद देतात. त्याला तिथे फ्लॅग डे म्हणतात. मला आमच्या शाळेतला ७ डिसेंबरचा ध्वजदिन आठवला. आम्ही मुली सैनिकांसाठी कागदी झेंडे टाचणीने लावत फिरायचो. नात म्हणाली, "सावता, दुपारी दोन तास बसशील का? तुझ्यासारखी आजी बसली तर लोक थांबतात." मी बसले.

टेबलामागे एक मोठे चित्र लावले होते. खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला सात-आठ वर्षांचा मुलगा, मान एका बाजूला पडलेली. मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते, तरी ते चित्र मला टोचत होते. इथे मला घरची एक गोष्ट सांगायला हवी. ती मी या मासिकात किंवा दुसरीकडे कुठेही आजवर लिहिलेली नाही.

माझ्या धाकट्या भावाला १९५६ मध्ये, तीन वर्षांचा असताना, पोलिओ झाला. तेव्हा चाळीत म्हणत, पायांवरून वारे गेले. शाळेत मी त्याला पाठुंगळी घेऊन जायची. १९६९ मध्ये आम्ही इस्राएलला आलो. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, रामत गानला अपंगांचे जागतिक सामने झाले होते, २८ देशांचे सुमारे ७५० खेळाडू. भारताचा संघ पहिल्यांदाच आला होता. त्यात सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून लुळे झालेले जवान. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रामत गानला ईलान या संस्थेचे अपंगांसाठी क्रीडाकेंद्र होते आणि त्यात तलाव होता. माझा भाऊ लोदहून बसने तिथे जाऊ लागला आणि पोहायला शिकला. एकदा तो मला म्हणाला, "ताई, पाण्यात मी कोणाच्या पाठीवर नसतो."

ईलानसाठी शाळांमधून दरवर्षी डबे फिरत. माझ्या वर्गातली मुले घरोघर जाऊन पैसे आणत आणि ते मी मोजून घेत असे. मुले विचारायची, "मोरा, हे पैसे कोणाला जातात?" मी सांगायची, "आजारी मुलांना." माझा सख्खा भाऊ त्याच तलावात पोहतो, हे मी छत्तीस वर्षांत एकदाही सांगितले नाही. मला लाज वाटायची. भावाला वाटत नसे. तो म्हणायचा, "तुझ्या पोरांना सांग, आज मी दहा फेऱ्या मारल्या." मी ते सांगितले नाही. बारा वर्षांपूर्वी तो वारला.

म्हणून ते चित्र मला बघवत नव्हते. मी नातीला विचारले, "या मुलाला विचारलं होतंस? उद्या तो मोठा झाल्यावर या चौकात नोकरीला आला तर?" ती गप्प झाली. चित्र त्यांना तयारच मिळाले होते, कोणाच्या डोक्यात वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते काढले आणि आपलेच फोटो लावले: पोहण्याची टोपी घातलेली, केस विसकटलेले, सायकलवरून पडून गुडघा खरचटलेला. त्यामुळे डब्यात जास्त पडले की कमी, हे कळायला मार्ग नाही. पण मला माझे उत्तर त्या बदललेल्या चित्रांत दिसले. रंबम दान गुप्त ठेवायला सांगतो ते घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. मग देणारा, धावणारा स्वतःचा चेहरा पुढे करत असेल आणि घेणाऱ्याचा चेहरा झाकत असेल, तर ते गुप्त दालनापासून फार दूर नाही. उलट, कोणाचे नाव न कोरता दिलेले दानही घेणाऱ्याचा फोटो लावून केले तर त्याची लाज काढतेच.

त्याच दुपारी एक कोट घातलेला तरुण थांबला. म्हणाला, "आंटी, व्यायाम ती मुलगी करणार आणि पैसे मी का द्यायचे?" अगदी माझाच प्रश्न. मी त्याला म्हटले, "माझा भाऊ अशाच डब्यांतल्या पैशांच्या तलावात पोहायला शिकला." इतके बोलताना माझे हात थरथरत होते. त्याने पाकिटातून दोन डॉलरची नोट काढून डब्यात टाकली, कागद कोटाला लावला आणि स्टेशनाचा जिना उतरून गेला. त्याच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली. मी मात्र पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य परक्या माणसापुढे बोलले होते.

तालमूदच्या सुक्का भागात त्सदाका आणि गेमिलुत हसादीम यांची तुलना आहे. गुरू म्हणतात, तीन गोष्टींत गेमिलुत हसादीम वरचढ. त्सदाका पैशाने होते, हे पैशाने आणि अंगानेही होते. त्सदाका गरिबासाठी, हे गरीब आणि श्रीमंत दोघांसाठी. त्सदाका जिवंतांसाठी, हे जिवंत आणि मेलेल्यांसाठीही. हे मी वर्गात कितीदा शिकवले असेल. भावाला मी पाठुंगळी नेत होते, त्याला कोणी दान म्हटले नाही. ते अंगाने केलेले होते. डब्यातले नाणे पैशाने केलेले होते. नातीच्या शर्यतीत दोन्ही एकत्र बांधलेले आहे, एवढेच त्यात नवे. आणि भाऊ गेल्यावर मी त्याचे खरे बोलले, तो कदाचित तिसरा भाग असावा.

शर्यत रविवारी होती, त्यामुळे शब्बाथ मोडावा लागला नाही. जागा होती ईस्ट कोस्ट पार्क. ही सगळी बागसुद्धा समुद्रात भर टाकून केलेली, रॅफल्स प्लेससारखीच. सकाळी सातला उजाडत होते आणि अंगाला घाम सुटला होता. नात पाण्यात उतरली तेव्हा मी डोळे मिटून एलियाहूचे नाव घेतले. ती मधल्या कुठल्यातरी क्रमांकाने आली. पोहण्यात बरी, सायकलवर मागे पडली, धावताना तोंड लालबुंद. तिच्या मागून कितीतरी वेळाने शेवटची बाई आली, माझ्यासारखीच पिकलेल्या केसांची. तिच्यासाठी टाळ्या सर्वांत जास्त वाजल्या.

त्याच दिवशी घरच्या मंडळींसाठी दोन किलोमीटर चालणे ठेवले होते. त्यात मीही नाव घातले. लोदला आमच्या दुपारच्या मंडळातल्या अकरा जणींनी किलोमीटरमागे दहा शेकेल कबूल केले होते. मी चालले कमी आणि पाणी पिण्यासाठी थांबले जास्त, पण दोन्ही किलोमीटर पूर्ण केले. संध्याकाळी नातीच्या घरी मलिदा केला. पोहे आणि नारळ टेक्का बाजारातून आणले होते. तिच्या चमूतल्या चिनी, मलय आणि तमिळ मुलामुलींनी तो खाल्ला आणि त्यांना नाव उच्चारायला शिकवण्यात माझा तासभर गेला.

वाचकहो, तुमच्या नातवंडांचा असा फोन आला तर नाही म्हणू नका, पण दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला: पैसे नेमके कोणाकडे जातात आणि शर्यतीच्या खर्चात किती जातात? आपल्या गुरूंनी नियम घालून दिला होता की, दानाचे पैसे दोघांनी मिळून गोळा करावेत आणि तिघांनी मिळून वाटावेत. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. दुसरा: ज्याच्यासाठी हे चालले आहे, त्याचा चेहरा तुम्ही कुठे लावला आहे का? लावला असेल तर काढायला सांगा. आणि याशिवाय कोणाला न सांगता थोडे वेगळे द्या. दोन्ही चालते.

लोदला परतल्यावर मी वसुलीला निघाले. दहा जणींनी वीस-वीस शेकेल लगेच काढून दिले. अकरावी मात्र जुनी हिशेबी. म्हणाली, "चाललीस याला पुरावा काय?" मी फोनमधला फोटो दाखवला: साडी ओचे खोचून वर घेतलेली, चेहरा घामाने भिजलेला, हातात पाण्याची बाटली. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला, "बरी दिसतेस गं," म्हणाली आणि वीस शेकेल मोजून माझ्या हातावर ठेवले.